फास्ट होती की स्लो, ते आधी सांगा

ठाण्यात कोणाला सांगून बघा की मी आज ४० मिनिटांत सीएसएमटीला पोचलो. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारणार, फास्ट मिळाली का? स्लोने तास जातो हे इथे शाळकरी पोरालाही माहितीय आणि गाडी कोणती ते कळल्याशिवाय ४० मिनिटं हा आकडा म्हणजे नुसती हवा. आता हीच माणसं, त्यात मीही आलो, ट्रान्स हार्बर पकडून महाप्याला ऑफिसात पोचतात, तिथे मेल येऊन पडलेला असतो की लायब्ररीचं (म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडचं) नवीन व्हर्जन ३० टक्के फास्ट आहे, आणि सगळे थम्सअप टाकून कामाला लागतात. कुठल्या मशीनवर मोजलं, त्या प्रोसेसरला काय काय येत होतं, कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी जरा हट्टाने मांडणार आहे. नमपाय म्हणा, सायपाय म्हणा, ओपनब्लास म्हणा, आकडेमोडीच्या कुठल्याही लायब्ररीचा वेगाचा आकडा प्रोसेसरच्या फीचर्सच्या यादीशिवाय आला तर तो धरायचाच नाही. आणि ही यादी माणसाने आठवणीने लिहायची गोष्ट नाही, बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, चालवणाऱ्या टूलनेच ती छापली पाहिजे, कारण माणूस विसरतो, आणि कधी कधी सोयीने विसरतो.

फीचर्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, माहितीय त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. प्रोसेसरला ज्या खास सूचना समजतात त्यांचे संच म्हणजे फीचर्स. एक दशांश संख्या साधारण ६४ बिटची असते. जुन्या एसएसई-२ या संचात रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आत आकडे धरायची जागा, १२८ बिटचं, म्हणजे एका दमात दोन संख्या. २०११ ला इंटेलच्या सँडी ब्रिजमध्ये एव्हीएक्स आलं, २५६ बिट, चार संख्या. २०१३ ला हॅसवेलमध्ये एव्हीएक्स-२ आणि त्याच्या जोडीला एफएमए, म्हणजे गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत. मग २०१७ च्या स्कायलेक सर्व्हरमध्ये एव्हीएक्स-५१२, एका दमात आठ. थोडक्यात काय तर ९ डब्यांची, १२ डब्यांची आणि १५ डब्यांची लोकल, रूळ तेच, इंडिकेटरवर नाव तेच, पण माणसं किती चढणार ते वेगळं. हिशोबच करायचा तर एका कोअरला (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र भागाला) एका क्लॉकमध्ये (एका ठोक्यात) सँडी ब्रिजवर ८, हॅसवेलवर १६ आणि मोठ्या स्कायलेक सर्व्हरवर ३२ आकडेमोडी, म्हणजे वरून खाली चौपट फरक, आणि हा फक्त कागदावरचा.

खरी गंमत पुढे आहे. नमपायमध्ये २०२१ च्या १.२० व्हर्जनपासून अशी सोय आहे की लायब्ररी सुरू होताना प्रोसेसरला विचारते, बाबा तुला काय काय येतं, आणि उत्तराप्रमाणे आतला वेगळा कोड निवडते. मॅट्रिक्सच्या गुणाकारांसाठी नमपाय सहसा आतून ओपनब्लास वापरतं, ते तर हे आधीपासूनच करतं. म्हणजे तुमच्याकडे आणि माझ्याकडे तीच लायब्ररी, तेच व्हर्जन, तीच पायथन फाइल, आणि तरी प्रत्यक्षात चालणारा कोड वेगळा! मग "या व्हर्जनचा वेग" असं काही असतं का मुळात?

आता आमची फजिती सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे रोज रात्री एक रिपोर्ट चालायचा, आत मोठमोठ्या मॅट्रिक्सचे गुणाकार, साधारण २० मिनिटांत उरकायचा. एका सोमवारी सकाळी बघतो तर ५५ मिनिटं. शनिवारी रात्रीच आम्ही नमपाय अपग्रेड केलं होतं, त्यामुळे आरोपी जागेवर सापडला असं सगळ्यांना वाटलं आणि मी स्वतः मोठ्या आत्मविश्वासाने मेल टाकला की नवीन व्हर्जन स्लो आहे, रोलबॅक करतोय, म्हणजे परत जुनं टाकतोय. रोलबॅक केलं. ५५ मिनिटंच. मग ओपनब्लासवर संशय, मग थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे तुकडे) किती चालतायत त्यावर, मग स्टोरेजवाल्यांशी भांडण (ते बिचारे दर वेळी पहिले शिव्या खातात). तीन दिवस असे गेले, चार माणसांचे, आणि रोज खाली टपरीवर कटिंग घेताना नवीन थिअरी.

गुरुवारी टीममधली एक मुलगी, जॉइन होऊन जेमतेम चार महिने झाले होते, माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, एक मिनिट बघता का, मला काहीतरी विचित्र दिसतंय." तिने आमचं व्हीएम (मोठ्या सर्व्हरवर चालणारं आभासी मशीन) आणि एक जुनं टेस्टिंगचं व्हीएम, दोन्हीकडची प्रोसेसरची माहिती काढून खिडक्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. मॉडेलचं नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच, झिऑन गोल्ड, इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर. मी म्हटलं, "अगं सेम तर आहे." तर म्हणते, "खाली फ्लॅग्ज बघा ना सर." आता फ्लॅग्जची, म्हणजे फीचर्सच्या नावांची, ओळ ज्याने बघितलीय त्याला माहितीय, शंभराच्या आसपास शब्द, मध्ये स्वल्पविराम नाही काही नाही, बघितलं की डोळे आपोआप पुढे सरकतात. तिने एकेक शब्द वेगळ्या ओळीवर घेऊन सॉर्ट करून दोन्हींची तुलना केली होती. आमच्या व्हीएममध्ये एव्हीएक्स होतं आणि त्यावर गाडी थांबली होती. एव्हीएक्स-२ नाही, एफएमए नाही, एव्हीएक्स-५१२ चं तर नावच नाही. पाटी नव्या सर्व्हरची आणि आतला माल दहा वर्षं जुना.

झालं होतं असं की त्याच शनिवारी डेटा सेंटरवाल्यांची मेंटेनन्स विंडो होती, त्यात आमचं व्हीएम बंद करून दुसऱ्या क्लस्टरवर, म्हणजे सर्व्हरच्या दुसऱ्या गटावर, चालू केलं गेलं. त्या क्लस्टरमध्ये नव्या सर्व्हरच्या घोळक्यात एक म्हातारा सर्व्हर होता. चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकवता यावं म्हणून असल्या क्लस्टरमध्ये सगळ्यांची फीचर्स सगळ्यात जुन्याच्या पातळीला आणून ठेवतात, कारण प्रोग्रॅमने सुरुवातीला विचारून घेतलं की एव्हीएक्स-२ आहे आणि मग तो चालता चालता नसलेल्या मशीनवर जाऊन पडला तर जागीच मरतो. म्हणजे तसं बघितलं तर त्यांचं चुकलं नव्हतं, त्यांच्या बाजूने ते शहाणपणच होतं. पण प्रोसेसरच्या नावाची पाटी तशीच राहते, झाकली जातात ती फक्त फीचर्स, आणि ओपनब्लास तर नुसती पाटी नाही, फीचर्सही बघतं. डेटा सेंटरवाल्यांकडे तक्रारीचं तिकीट टाकलं, व्हीएम परत हलवलं, रिपोर्ट २० मिनिटांवर. नमपायबद्दलचा माझा मेल मात्र अजून लोकांच्या इनबॉक्समध्ये आहे.

म्हणून मला "प्रोसेसरचं मॉडेल लिहिलंय की, बास झालं" हे पटत नाही. मॉडेलचं नाव ही पाटी आहे. पाटी आणि माल यांच्यामध्ये बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) येतं, हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) येतो, ऑपरेटिंग सिस्टिम येते, आणि लायब्ररी कोणी कशी बिल्ड केली तेही येतं. शिवाय पाटी धड लिहितं कोण? "आय-७" एवढंच असतं. कॉलेजच्या लॅबसाठी मशीन घेताना तर "आय-७ किंवा समतुल्य" लिहिलं की झालं, आणि पैसा कोणाचा तर तुमच्याआमच्या फीचा नाहीतर करांचा. इंटेलचं आय-७ हे नाव २००८ ला आलं आणि कित्येक पिढ्या चाललं, त्यातल्या पहिल्या पिढीला एव्हीएक्ससुद्धा येत नव्हतं. बरं नवीन म्हणजे जास्त असंही नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीत एव्हीएक्स-५१२ होतं आणि २०२१ च्या शेवटी आलेल्या १२ व्या पिढीत साध्या ग्राहकांसाठी ते बंद केलं! उलट इंटेलच्या स्पर्धक एएमडीने २०२२ मध्ये झेन-४ या पिढीत ते आणलं. आता सांगा, नावावरून कोण काय ओळखणार.

सोय नाही असंही नाही, हेच तर जास्त लागतं मनाला. नमपाय १.२४ मध्ये, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरपासून, शो रनटाइम नावाचं फंक्शन आहे. ते चालवलं की तीन याद्या मिळतात. बेसलाइन, म्हणजे बिल्ड करतानाच गृहीत धरलेलं. फाउंड, म्हणजे या मशीनवर सापडलेलं. आणि नॉट फाउंड, म्हणजे लायब्ररीकडे कोड तयार आहे पण या मशीनला ते येत नाही. मला यातली तिसरी यादी सगळ्यात आवडते. जे आहे ते सगळेच मिरवतात हो, जे नाही ते छापून ठेवणारा विरळा. आमच्या त्या सोमवारच्या रनवर ही एक यादी लॉगमध्ये असती तर तीन दिवसांचं काम पाच मिनिटांत संपलं असतं.

आणि गंमत बघा, नमपायमध्ये बग नोंदवायला जा, तिथला फॉर्मच तुमच्याकडून या फंक्शनचं आउटपुट मागतो. बरोबरच आहे, कारण कित्येक बग एखाद्याच फीचरच्या कोडमध्ये असतात, आणि उत्तरसुद्धा फीचरप्रमाणे किंचित बदलू शकतं, एफएमएमध्ये गुणाकार आणि बेरीज मिळून एकदाच राउंडिंग होतं, वेगवेगळं केलं तर दोनदा, त्यामुळे शेवटचा अंक हलतो आणि टेस्ट लाल होते. म्हणजे तक्रार करायची तर आधार, पॅन, रेशनकार्ड सगळं आणा, आणि फुशारकी मारायची तर तोंडी चालतं.

नमपायवाले स्वतः याबाबत प्रामाणिक आहेत हे सांगायलाच हवं. २०२३ च्या १.२५ व्हर्जनमध्ये सॉर्टिंग जोरात झालं तेव्हा त्यांनी नोट्समध्ये १६ बिटला १५ पटीपर्यंत आणि ६४ बिटला ९ पटीपर्यंत असं लिहिलं, आणि त्याच वाक्यात एव्हीएक्स-५१२ असलेल्या प्रोसेसरवर, हेही लिहिलं. पण ते वाक्य दोन हात फिरून आमच्या ग्रुपवर आलं तेव्हा "नमपायचं सॉर्ट १५ पट फास्ट झालं" एवढंच उरलं होतं. ज्याच्या लॅपटॉपवर ते फीचरच नाही त्याने अपडेट केलं, काही फरक दिसला नाही, आणि मग तोच म्हणायला लागला की हे सगळे फेकतात. अट गळली की खरं बोलणारा पण फेकू ठरतो.

आता यावर जे बोललं जातं ते. एक मित्र म्हणाला, आम्ही दहा वेळा चालवून मीडियन, म्हणजे मधला आकडा, घेतो, अजून काय पाहिजे. अरे, स्लो लोकलने दहा वेळा गेलास तर मीडियन स्लोचाच येणार ना! मीडियनने गर्दी कमीजास्त झाल्याचा गोंधळ जातो, चुकीच्या गाडीत बसल्याचा नाही. दुसरं, यादी फार लांब होते. हे मात्र खरंय, ती शंभर शब्दांची ओळ कोणी वाचणार नाही. पण सगळी कशाला छापायची? लायब्ररी ज्या फीचर्सकडे बघून कोड निवडते तेवढीच छापा, तीन छोट्या ओळी होतात. तिसरं, ही माहिती बाहेर गेली तर मशीनची ओळख पटते वगैरे. तर बाहेर पाठवा असं म्हणतंय कोण, रिझल्टच्या फाइलमध्ये शेजारी लिहा म्हणतोय मी.

चौथा आक्षेप जड आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फीचर्स सांगूनही सगळं कळत नाही. स्कायलेकच्या काळातल्या बऱ्याच झिऑन सिल्व्हरला एव्हीएक्स-५१२ येतं पण त्यांच्यात ते चालवणारं एफएमए युनिट एकच, गोल्डच्या वरच्या मॉडेल्समध्ये दोन, आणि फ्लॅग्जची ओळ दोघांची सारखीच. त्याच पिढीत एव्हीएक्स-५१२ चं जड काम लागलं की क्लॉक खाली यायचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधली डाउनफॉल नावाची सुरक्षेतली त्रुटी बाहेर आली, त्यावरच्या मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) पॅचने काही कामांमध्ये ५० टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो असं खुद्द इंटेलने सांगितलं, आणि पॅचच्या आधी आणि नंतर फीचर्सची यादी तीच. मे महिन्यात आमच्या घोडबंदर रोडच्या घरी एसी बंद असला की लॅपटॉप जो रडतो तेही कुठल्या यादीत येत नाही. सगळं मान्य. मायक्रोकोडचं व्हर्जन पण छापा, थ्रेड किती ते पण छापा, टर्बो (क्लॉक तात्पुरता वाढवायची सोय) चालू होता का तेही. पण सगळं सांगता येत नाही म्हणून काहीच सांगायचं नाही, हा युक्तिवाद म्हणजे गाडीला किती गर्दी होती ते आठवत नाही म्हणून फास्ट की स्लो तेही सांगणार नाही, असा झाला. फीचर्सचा फरक चौपट पाडू शकतो आणि तो सांगायला मिलिसेकंद लागतात, सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

अजून एक कारण आहे ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. फीचर्स माहीत असतील तरच कमाल किती मिळायला हवं होतं हे काढता येतं, कोअर गुणिले क्लॉक गुणिले एका क्लॉकमधल्या आकडेमोडी. सुपरकॉम्प्युटरवाले हे कधीच चुकवत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या सुपरकॉम्प्युटरच्या टॉप-५०० यादीत ६३ वा आला, तिथे त्याच्यापुढे दोन आकडे आहेत, कागदावरची कमाल सुमारे ५.२७ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी) आणि प्रत्यक्ष मोजलेले ४.६ च्या आसपास. दोन्ही शेजारी असल्यामुळे काम बरं झालं की वाईट ते बघणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या ५५ मिनिटांच्या शेजारी असा दुसरा आकडा असता तर तो बघून ओरडला असता.

मला स्वतःला छापण्याच्या पुढे जायचंय. बेंचमार्कच्या टूलने फीचर्स नुसती नोंदवू नयेत, दोन रनची फीचर्स वेगळी असतील तर ते दोन आकडे एका ग्राफवर काढायलाच नकार द्यावा. नमपायचे बेंचमार्क ज्या एएसव्ही टूलवर चालतात ते मशीनचं आर्किटेक्चर, प्रोसेसरचं नाव, कोअर, ओएस, रॅम असं नोंदवतं, छान आहे, पण आमच्या केसमध्ये हे सगळं जसंच्या तसं जुळलं असतं आणि ग्राफने बिनदिक्कत सांगितलं असतं की नवीन व्हर्जन पावणेतीन पट स्लो झालं. लोकांना हा नकार जाचक वाटेल, माहितीय मला. आमच्या स्क्रिप्टमध्ये मी तो टाकलाय, पहिल्याच महिन्यात दोनदा अडला, दोन्ही वेळा क्लाउडवर त्याच टाइपचं मशीन मागून आत वेगळ्या पिढीचा प्रोसेसर मिळाला होता. मॅनेजर म्हणाले, ते वॉर्निंग करून टाक ना, एरर कशाला. मी अजून केलेलं नाही.

नोंदवलेल्या गोष्टीचा उपयोग उशिरानेही होतो. स्पेक ही १९८८ पासूनची बेंचमार्कवाली संस्था, तिच्याकडे निकाल द्यायचा तर कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम), त्याला दिलेले पर्याय, बायोसची सेटिंग्ज, सगळं जाहीर करावं लागतं, लोक वैतागतात त्याला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या लक्षात आलं की इंटेलच्या एका कंपायलरने एका ठराविक टेस्टसाठी खास सोय करून ठेवली होती, आणि त्यांनी २६०० हून जास्त निकालांवर शेरा मारला. मारता आला, कारण कोणता निकाल कुठल्या कंपायलरने काढला ते प्रत्येकाखाली लिहिलेलं होतं. नाहीतर एक तर सगळे रद्द करा नाहीतर सगळे ठेवा.

हे सगळं परवा भाच्याला सांगत बसलो होतो. त्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, नवी मुंबईतल्या एका कॉलेजात. प्रोजेक्टचं ब्लॅक बुक बाइंडिंग होऊन आलं, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आणि आत लिहिलंय की आमची पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा २२ पट फास्ट. मी विचारलं, जुनी कुठे मोजली? म्हणाला, लॅबमधल्या पीसीवर. आणि नवी? माझ्या लॅपटॉपवर. लॅबमधला पीसी पेंटियम निघाला, त्या काळातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमधून इंटेलने एव्हीएक्स काढूनच टाकलं होतं, त्याच पिढीच्या कोअर आय-३ मध्ये ते असतानासुद्धा. दोन्ही त्याच्या लॅपटॉपवर चालवायला लावली. २२ चं ३ झालं, थोडं वरखाली. पोराचा चेहरा पडला, मला पण वाईट वाटलं कारण ३ पट हे सुद्धा चांगलं काम आहे आणि ते खरं त्याचं आहे.

"मामा, व्हायवा झाली रे, एक्स्टर्नलने काहीच विचारलं नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, शेवटच्या कोऱ्या पानावर पेनाने लिही, दोन्ही मशीनच्या तीन तीन ओळी आणि नवीन आकडा. त्याने लिहिलं का ते बघायला मिळालं नाही, पुस्तक कॉलेजात जमा झालंय.